कच्च्या टाक्याचे दिवस

मास्तरांच्या दुकानात डोळे तपासायची एकच रीत होती. सकाळी शटर वर गेलं की मास्तर दिव्याखाली उभे राहायचे, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचे आणि सुईत ओवायचे. पहिल्याच खेपेला गेला, तर डोळे ठणठणीत. दोनदा प्रयत्न करावा लागला, तर झोप झाली नाही. त्याहून जास्त लागले, तर चष्मेवाल्याकडे जायची वेळ झाली. ही परीक्षा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली, तेही शिंपीच. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू असल्याचं सांगितलं, तेव्हा मास्तरांनी दुकानात येऊन पहिलं काय केलं असेल, तर सुई काढली. दोरा सुतासारखा सरळ आत गेला.

"त्यांची मशीनं काय म्हणायचं ते म्हणू देत," ते बायकोला म्हणाले, "माझे डोळे कुठे गेलेले नाहीत."

या परीक्षेत एक खोट होती आणि ती शिंप्याच्या लक्षात येणं कठीणच. काचबिंदू समोरून येत नाही, तो कडेकडेनं आत सरकतो. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते, आतलं प्रेशर वाढतं, मागची नस दबत जाते आणि बाजूचं दिसणं आधी जातं. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं आणि सुई तर नेमकी मध्येच असते. माणूस दोरा ओवून खूश होतो आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून चौकटीला शिव्या देतो. मास्तरांनी त्या वर्षात चौकटीला बऱ्याच शिव्या दिल्या.

गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. रोज थेंब घालून प्रेशर खाली ठेवायचं आणि आहे तेवढं राखायचं. हे थेंब घालायचं काम वहिनींनी घेतलं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. दुकानात पाय ठेवणारा प्रत्येक जण, अगदी मास्तरांहून थोरला असला तरी, त्यांना वहिनीच म्हणायचा, तेव्हा आपणही तेच म्हणू. आणि काम घेतलं म्हणजे हिसकावून घेतलं. लेक म्हणाली होती, मी येते रोज संध्याकाळी, दोन गल्ल्यांवर तर राहते. वहिनींनी तिला बोलूच दिलं नाही.

त्यामागे कारण होतं. एके काळी दुकानातली काजं-बटणं आणि तुरपाई सगळी वहिनींच्या हातची असायची. त्यांचं काज उलट बाजूनं बघितलं तरी सुलटच वाटायचं. एका कोटावरच्या काजांसाठी माणसं दुसरी दुकानं ओलांडून इथे यायची, आणि श्रेय मास्तर घ्यायचे, हेही खरं. मग वहिनींचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, काहींना होतं, वाढेल हळूहळू. एकदा एक कोट परत आला. गिऱ्हाईक भला माणूस, एक शब्द बोलला नाही, फक्त काजांवरून बोट फिरवत उभा राहिला. वहिनींनी हातातली सुई सुयांच्या गादीत टोचून ठेवली ती ठेवलीच. दुसऱ्या दिवसापासून काजं बाहेर मशीनवाल्याकडे जायला लागली. मग पाहुण्यांसमोर चहा ओतायचं त्यांनी सोडलं. मग बशीतून कप उचलायचं. एकेक गोष्ट त्या गाजावाजा न करता हातातून सोडत गेल्या आणि मास्तर बघत राहिले. बाजूचं त्यांना दिसत नव्हतं, पण हे मात्र सगळं दिसत होतं.

तेव्हा थेंबांचं काम आल्यावर वहिनींना जणू नोकरीच लागली. दुकान बंद झालं की त्या साबणानं हात धुवायच्या, स्वच्छ पंच्याला पुसायच्या, मास्तरांना कटिंगच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "मान मागे." एक तळवा कपाळावर. दुसऱ्या हातात बाटली. बाटली वर जाताना अशी हेलकावे खात जायची की खाली कोण बसलंय याची तिला काही फिकीरच नाही. थेंब पडायचा. कधी भुवईवर, कधी गालावर, कधी नाकाच्या कडेनं ओठांत. कधीमधी डोळ्यातही.

"पडला?"

पहिल्या दिवशी तो भुवईवर पडला होता. मास्तर सहज म्हणून गेले, "पडला." वहिनींनी बाटलीचं झाकण लावलं आणि अशा हसल्या, जशा कितीतरी महिन्यांत हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "बघा. एवढं तरी जमतं अजून मला."

झालं. आता दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?

मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. थोडं तर जातंय की आत. शिवाय सकाळी सुईत दोरा जातोय. एकदोनदा त्यांनी मोरीत जाऊन, दार लावून, स्वतःच्या हातानं थेंब घालून बघितला, तो कानात गेला. आणि उगाच खोटं कशाला बोला, कपाळावरचा तो तळवाही त्यांना हवासा वाटायचा. इतकी वर्षं संसार झाल्यावर दिवसातून एकदा कुणी कपाळावर हात ठेवतं, ही काही लहानसहान गोष्ट नाही. वर्षभर रोज संध्याकाळी "पडला?" आणि "पडला" असं चालत राहिलं. दोघांनाही ते फार आवडायचं.

मग कात्रीनं घात केला. एका सुटाचं महागाचं कापड टेबलावर पसरलेलं होतं. मास्तर बाही कापत होते, नजर खडूच्या रेषेवर, रेषा अगदी लख्ख. कात्री रेषेवरूनच चालली होती. फक्त डाव्या अंगाला त्याच कापडावर आखलेली कोटाची पाठ दुमडून खाली सरकली होती, ती त्यांना दिसलीच नाही. बाही कापली गेली तशी पाठही कापली गेली. मास्तरांनी कापड उचललं, दिव्यासमोर धरलं आणि बराच वेळ त्यातून पलीकडचं बघत बसले. वहिनींनीही बघितलं. त्या दिवशी कुणीच चौकटीला शिव्या दिल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी मशीनमध्ये हनुवटी टेकवायला लावली. डोळ्यासमोर ठिपके लागतात, दिसला की बटण दाबायचं, अशी ती परीक्षा. मास्तर बटण हातात घेऊन ठिपक्याची वाट बघत राहिले. निकाल फार वाईट आला. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यात मधली एक खिडकी उरली होती आणि तीही लहान होत चाललेली.

"प्रेशर अजिबात खाली येत नाहीये," बाई म्हणाल्या. "मी एकावर एक औषधं वाढवत गेले, आता वाढवायला काही उरलं नाही. थेंब नियमित घालता ना?"

"एक दिवस चुकलेला नाही," वहिनी म्हणाल्या. ताठ बसून, अभिमानानं. आणि ते अगदी खरं होतं. एक दिवस चुकलेला नव्हता.

"मग कळत नाही. बहुतेकांना या औषधांनी उतार पडतो. आता उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल."

मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते. बोलायची जागा हीच होती, हे त्यांना कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाई, औषध डोळ्यात जातच नाही हो. पण ते वाक्य उच्चारलं की शेजारच्या खुर्चीत ताठ बसलेल्या बायकोला त्याच क्षणी समजणार होतं की नवऱ्याचा डावा डोळा तिच्या हातून गेला. मास्तरांनी तोंडाला कुलूप घातलं. ऑपरेशन तर ऑपरेशन. आपल्या डोळ्याचं आपण काय ते बघून घेऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पुढे या वाक्याची त्यांना फार लाज वाटली.

ऑपरेशन काय ते बाईंनी कागदावर काढून दाखवलं. वरच्या पापणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, एक मऊ चकती बसवायची. तिला जाड दोऱ्याएवढी बारीक नळी. नळीचं टोक डोळ्याच्या पुढच्या भागात सोडायचं, म्हणजे तुंबलेलं पाणी नळीवाटे चकतीखाली जाईल आणि तिथे आपोआप जिरेल.

"पण एक गोष्ट नीट ऐका," बाई म्हणाल्या. "नळी पहिल्या दिवसापासून मोकळी सोडली, तर सगळं पाणी एकदम निघून जाईल आणि डोळा बसेल. म्हणून नळीला मी बाहेरून दोरा बांधते. तो दोरा विरघळणारा असतो. दीडएक महिन्यात चकतीभोवती आवरण तयार होतं, दोरा विरघळतो आणि नळी उघडते."

"म्हणजे कच्चा टाका," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"ट्रायलच्या कोटाला घालतो तो. पक्की शिलाई झाली की काढून टाकायचा."

बाई हसल्या. "अगदी तसंच. फक्त हा आपला आपण निघतो. आणि म्हणूनच सांगते, तोपर्यंत नळी काही काम करत नाही. तोपर्यंत सगळी भिस्त थेंबांवर. हा दीड महिना थेंब डोळ्यात गेले नाहीत, तर उजव्यातली खिडकीही बंद होईल. मग नळी उघडून उपयोग नाही."

"त्याची काळजीच नको," वहिनी म्हणाल्या. "मी आहे ना."

मास्तरांनी बाईंचा कागद घडी करून खिशात घातला.

दुकानातली गिऱ्हाइकं धीर द्यायला आली. "मोतीबिंदू ना? अहो, गेलात आणि आलात." प्रत्येकाला मास्तरांनी समजावून सांगितलं की मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा, मोतीबिंदूत गेलेलं परत दिसतं. प्रत्येकानं मान डोलावली आणि जाताना म्हणाला, "पण आता मस्त दिसायला लागेल बघा."

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढल्यावर सिस्टरनं खालची पापणी ओढली आणि थेंब टाकला. गार, झोंबरा, थेट आत. मास्तर दचकले. थेंब डोळ्यात पडला की असा लागतो, हे ते जवळजवळ विसरूनच गेले होते. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली तरी ते तसेच बसून राहिले. वर्षभर आपण काय घालवलं, ते त्या एका थेंबानं त्यांना नीट समजलं.

घरी येताना रिक्षात त्यांनी सहज बोलल्यासारखं काढलं, "हा एवढा दीड महिना थेंबांचं लेकीला सांगू या का? तेवढीच तुला विश्रांती."

"का?" वहिनी म्हणाल्या. "मी मेले का?"

तो विषय तिथेच संपला.

संध्याकाळी वहिनींनी सिस्टरचं बघून कोपरापर्यंत हात धुतले. मास्तर स्टुलावर बसले. मान मागे. तळवा कपाळावर आला, बाटली निघाली, आणि थेंब गालफडावर पडून कानाकडे ओघळला.

"पडला?"

सवयीचा शब्द जिभेवर तयारच होता. मास्तरांनी तो गिळला.

"नाही."

"अं?"

"नाही पडला. गालावर गेला."

"अगंबाई." वहिनींनी गाल टिपला आणि दुसरा थेंब सोडला. तो नाकाच्या मुळाशी पडला. "आता?"

"नाही."

तिसरा पापणीच्या केसांना लागून बाहेर गेला. मास्तरांनी पुन्हा नाही म्हटलं. वहिनींनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट जरा हसल्याच. "आज काय झालंय माझ्या हाताला कोण जाणे. दगदग झाली दवाखान्याची." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, हात झटकला, पुन्हा बाटली घेतली. मास्तरांना वाटलं, निभावलं. आजच्यापुरता हात जास्त कापतोय, असंच तिला वाटू दे. उद्या लेकीचं पुन्हा काढू.

पण बाटली वर गेलीच नाही. कपाळावरचा तळवा तसाच राहिला.

"अहो."

"हं."

"आज तीन वेळा नाही पडला."

"हं."

"आणि रोज पहिल्याच वेळेला पडायचा."

मास्तर छताकडे बघत राहिले. 

"थोडा थोडा पडायचा," शेवटी ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

तळवा कपाळावरून निघाला. वहिनी समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघितलं, जसे ते दुसऱ्याच कुणाचे असावेत.

"डावा डोळा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"तो तसाही जाणारच होता."

"बाई म्हणाल्या असं?"

"नाही. मी म्हणतोय."

"तुम्ही म्हणताय." वहिनींचा आवाज चढला नाही, चढला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "माझा हात कापतो हे मला माहीत नाही का? चहा सांडतो तो मला दिसत नाही? एकदा नाही म्हणाला असतात, तर मी लेकीला बोलावलं असतं. शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला हात धरून आत आणलं असतं. मला वाईट वाटेल म्हणून डोळा घालवलात? मग आता मला बरं वाटतंय का?"

"तू म्हणाली होतीस, एवढं तरी जमतं मला."

"हो, म्हणाले होते. खरं वाटलं होतं मला ते."

आपण बायकोची लाज राखली, असं ते वर्षभर समजत होते. आत्ता त्यांना दिसलं की आपण तिला रोज संध्याकाळी फसवत होतो, आणि ती साबणानं हात धुऊन फसायला येत होती.

वहिनी उठून दारापर्यंत गेल्या आणि तिथून परत आल्या. औषध अजून डोळ्यात गेलेलं नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"ये गं जरा. बाबांच्या डोळ्यात औषध घालायचंय."

लेक पलीकडून काहीतरी म्हणाली असावी.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्यानं होत नाही."

लेक येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहिले. मास्तरांनी एकदा "अगं" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "आता नको." बाहेर कुणीतरी शटर ओढून घेतलं. नंतर लेकीच्या चपलांचा आवाज आला.

लेकीनं कशाला, काय, असलं काही विचारलं नाही. दोघांची तोंडं बघून तिनं मुकाट्यानं हात धुतले. थेंब टाकला. तो गार आणि झोंबरा होता.

"पडला, बाबा?"

"पडला."

"यांच्या सांगण्यावर जाऊ नकोस," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यात बघत जा."

त्या पुढे आल्या. मास्तरांची हनुवटी वर करून त्यांनी आपल्या बोटानं खालची पापणी हलकेच ओढली. बोट नेहमीसारखंच कापत होतं. पण पापणी ओढायची तर हाताला टेकू हवा, म्हणून त्यांचा तळहात मास्तरांच्या गालाच्या हाडावर टेकला, आणि टेकला तसा बोटाचा कंप उतरत गेला. डोळ्यात औषधाचं ओलं तळं दिसत होतं. वहिनी ते बघत राहिल्या.

"आई," लेक म्हणाली, "हात टेकवलास की कापत नाही बघ."

वहिनींनी हात गालावरून काढला. बोटं हलायला लागली. त्यांनी तो पुन्हा टेकवला आणि बोटं थांबली. असं त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं. वर्षभर त्या बाटली हवेत धरून लढत होत्या, आणि हात कुठे टेकवायचा हे शोधायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती, कारण थेंब रोज पहिल्याच खेपेला पडत होता.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक घाबरून म्हणाली, "बाबा, रडू नका हं, औषध वाहून जाईल." मग मास्तरांना रडायचीही सोय राहिली नाही. ते ओठ आवळून, मान मागे टाकून बसले.

दुसऱ्या बाटलीतलं औषध थोड्या वेळानं घालायचं होतं. लेकीनं बाटली उघडली. वहिनी हात धुऊन आल्या आणि तिच्यापुढे हात पसरला. लेकीनं एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघितलं आणि बाटली दिली.

वहिनींनी मनगट मास्तरांच्या गालावर भक्कम टेकवलं. बाटली डोळ्यावर आली आणि स्थिर राहिली. थेंब पडला. मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, पण वहिनींनी तोवर पापणी ओढून स्वतःच बघायला सुरुवात केली होती.